हाडांच्या वॉर्डातलं जेवण

पिंप्राळा, जळगाव
१६ जानेवारी २०२५

प्रिय झुलाल,

तू कापसाच्या ट्रॉलीवरून उडी मारलीस हे तुझ्या सुनेनं, पुनमनं कळवलं. माणूस आपल्या वयाला पोचल्यावर ट्रॉलीवरून उतरतो, उडी मारत नाही. मारायचीच होती तर कापूस खाली काढायच्या आधी, कापसाच्या बाजूला तरी मारायची! एका पायाची मांडी आणि दुसऱ्याची टाच, दोन्ही एकाच उडीत. पाचोऱ्याच्या शाळेतही तुला एका वेळी एकच खोडी करता येत नसे.

फोन केला असता, पण तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी बोललेलं सगळ्या पिंप्राळ्याला ऐकू येतं. म्हणून पत्र. आमच्या ट्रस्टची औषधांची गाडी रोज जळगावहून तू आहेस त्याच आमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलला येते. ड्रायव्हर कुंदन हे पत्र तुझ्या हातात देईल. उत्तर त्याच्याकडेच दे.

आता कामाचं. दुकान मुलाकडे, अर्पितकडे सोपवल्यापासून मी रिकामा आहे हे पाहून ट्रस्टनं मला खर्चसमितीवर बसवलंय. हॉस्पिटल तोट्यात आहे. आमचे सुगनचंदजी म्हणतात, पेशंटला फुकट जेवण देणारं स्वयंपाकघर बंद करा, ज्याला हवं तो बाहेरून आणेल. फेब्रुवारीच्या बैठकीत हा ठराव येणार आहे. मला ते स्वयंपाकघर वाचवायचंय. साक्री-शिरपूरच्या पाड्यांवरून येणारा माणूस बाहेरून कुठून आणणार?

पण वाचवायचं तर नासाडी थांबली पाहिजे, आणि इथून मला काही दिसत नाही. तू खाटेवर पडलेलाच आहेस. डोळे उघडे ठेव आणि काय वाया जातं ते कळव. आपली ओळख मात्र तिथं सांगू नकोस. नाहीतर तुला स्पेशल खोलीत हलवतील आणि तुला काहीच दिसणार नाही.

तुझा,
कांती


धुळे, हाडांचा वॉर्ड
१८ जानेवारी

कांतीशेठ,

माणूस मोडला तरी तू त्याला कामाला लावतोस. खरा व्यापारी.

मांडीत सळई घातली, टाचेला प्लास्टर आहे. दोन्ही पाय टेकवायचे नाहीत म्हणून डॉक्टर घरी सोडत नाहीत. माझ्या शेजारच्या खाटेवर पुना म्हणून साक्रीकडचा माणूस आहे. साखरेचा आजार, त्यात पायाला जखम. त्याची बायको भागाबाई खाटेखाली चटई टाकून राहते आणि सगळ्या वॉर्डाची चौकशी करते. माझ्या पायाबद्दल माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.

तुझं काम पहिल्याच दिवशी सुरू केलं. आधी हातमोजे पाहिले. दीपमाला सिस्टर एकाची जखम पुसते, मोजे फेकते. दुसऱ्याची पुसते, परत फेकते. मी म्हटलं, "बाई, चांगले धडधाकट मोजे आहेत. धुऊन वाळत घाला की." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, पुनाभाऊंच्या जखमेतला पू तुमच्या टाक्यात गेला तर आणखी महिनाभर इथंच राहाल. तो खर्च कोण देणार? तुम्ही की तुमचे मोजे?" सगळा वॉर्ड हसला. तेव्हा मोजे सोड. मोजे हातातून सुटले असं समज.

खरी नासाडी जेवणाची शे. दुपारची गाडी जाते, मग थोड्या वेळानं ताटं गोळा करायला मावशी येते, आणि बठ्ठं बादलीत! पोळ्या घडीच्या घडी, वरण तसंच, भाताला तर कुणी बोट लावलेलं नसतं. मागच्या दाराशी एक म्हशीवाला बादल्या न्यायला येतो. खिडकीतून त्याच्या म्हशी दिसतात. अशी चकाकती कातडी मी आमच्या कापडण्यात एकाही म्हशीची पाहिली नाही.

माझं साधं मत सांगतो. ताटात जास्त पडतंय. पडलेल्या माणसाला भूक असते किती? कमी वाढा. आणि सकाळी चहा-पोहे झाल्यावर दहाच्या सुमाराला जे दूध-उपमा देतात, ते कशाला? लगेच तर जेवण येतं.

ओळख कुणाला सांगितलेली नाही. फक्त भागाबाईला सांगितली, कारण तिनं विचारलं.

झुलाल


पिंप्राळा, जळगाव
२० जानेवारी

प्रिय झुलाल,

शाबास! मी तुला नुसते डोळे उघडे ठेवायला सांगितले होते, तू तर डोकंही चालवलंस.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच मॅनेजरला फोन लावला. उद्यापासून ताटात निम्मी वाढ, आणि दहाचा नाश्ता बंद. मॅनेजर जरा चाचरत म्हणाला, "आहाराचं सगळं हर्षिता मॅडम बघतात, त्या बहिणीच्या लग्नाला गेल्यात, तीन दिवसांनी येतील." मी म्हटलं, भात कमी वाढायला मॅडम कशाला लागतात? दुकानात गळती दिसली की आधी ती बुजवायची, मग मुनीमजीला सांगायचं.

म्हशीवाल्याला माझ्याकडून सांग, चारा शोधून ठेव.

बादल्या किती हलक्या झाल्या ते कळव. बैठकीत सुगनचंदजींचं तोंड कसं होतं ते मला बघायचंय.

कांती


धुळे
२३ जानेवारी

कांती,

आज गंमत नाही.

तुझा हुकूम आल्यापासून बादल्या थोड्या हलक्या झाल्या. मीच मनात खूश होतो. आज सकाळी पुनाला रोजच्यासारखी साखरेची सुई दिली. दहाला जे मिळायचं ते मिळालं नाही. त्यानंतर त्याला जखम बांधायला खाली नेलं. तिथं रांग होती. तेवढ्यात वर जेवणाची गाडी येऊन गेली. खाट रिकामी पाहून ताट ठेवलं, आणि गोळा करायची वेळ झाली तसं उचलून नेलं. भागाबाई त्याच्याबरोबर खालीच होती.

तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या त्याला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बायकोला ओळखेना, भलतंच बोलायला लागला. दीपमाला सिस्टर धावत गेली. साखर बघितली तर पार तळाला. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा डोळे उघडले. आता बरा आहे, बसून जेवला. पण त्याला वर आणलं तेव्हा भागाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "मना मालकले उपाशी मारतस का तुम्ही?"

मी बोललो. म्हटलं, "वहिनी, हे मी सुचवलं. ट्रस्टवाला माझा मित्र आहे, त्यानं माझं ऐकलं." मग तिनं चटई उचलली आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला नेऊन टाकली. मी तिला दिसणार नाही अशी.

हर्षिता मॅडम लग्नाहून आज दुपारी परत आल्या. मेंदी कालच काढल्यासारखी लाल होती हातावर, आणि त्या हातांनी त्यांनी मॅनेजरला जे सुनावलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं.

तू तिथून हुकूम काढायचा आणि मी इथं पडून अक्कल पाजळायची, हे बंद. तू ये.

झुलाल


पिंप्राळा, जळगाव
२३ जानेवारी, संध्याकाळ

झुलाल,

कुंदन आज मुक्कामाला परत आला तसं तुझं पत्र दिलं. मॅनेजरला फोन करून सगळं होतं तसं चालू करायला सांगितलं. या वेळी मॅडमना विचारून.

पुनाभाऊला काही झालं असतं तर मी कुठल्या तोंडानं देवळात गेलो असतो?

उद्या कुंदनच्या गाडीतूनच येतो. हे पत्र मीच तुझ्या हातात देईन.

कांती


पिंप्राळा, जळगाव
२९ जानेवारी

प्रिय झुलाल,

घरी पोचलो. पाय सुजलेत. तीन दिवस त्या जेवणाच्या गाडीमागे फिरलो, तेवढं मी दुकानातही कधी फिरलो नव्हतो. वॉर्डात जे झालं ते तू पाहिलंस. भागाबाईंसमोर मी हात जोडले तर त्या म्हणाल्या, "हात नका जोडू शेठ, ताट लई या." मग मी ताट आणलं, पुनाभाऊ जेवेपर्यंत उभा राहिलो, आणि त्यांची चटई परत तुझ्या बाजूला आली.

पण खाली स्वयंपाकघरात काय झालं ते तुला माहीत नाही.

हर्षिताबेननं मला आधी स्टुलावर बसवलं. वयानं माझ्या नातीएवढी. मला वाटलं, ओरडणार. ती म्हणाली, "काका, तुम्ही आलाच आहात तर एक दिवस नुसतं बघा. काही बोलू नका." मारवाड्याला न बोलता बसवणं ही शिक्षाच, पण बसलो.

मुख्य स्वयंपाकीण मंदाबाई आदल्या संध्याकाळच्या खाटांच्या आकड्यावर पहाटे कणीक मळते. सकाळ झाली की काहीजण ऑपरेशनला जातात, त्यांना पाणीसुद्धा द्यायचं नसतं. काहींना घरी सोडतात. काही एक्स-रेला, काही जखम बांधायला. ताटं मात्र सगळ्या खाटांना जातात. त्यातून गाडी वर पोचते तेव्हाच मोठे डॉक्टर राउंडला येतात. मग सगळे ताट झाकून ठेवतात. डॉक्टर जाईपर्यंत पोळीचा पापड आणि वरणाचा गोळा. तो कोण खाणार? म्हशी.

मी हर्षिताबेनला म्हटलं, "म्हणजे ताट मोठं नाहीच. ताट चुकीच्या वेळी, चुकीच्या खाटेवर जातंय."

ती म्हणाली, "मी हे वर्षभर सांगतेय काका. पण मी सांगते तेव्हा ते जेवणाचं असतं, आणि तुम्ही सांगता तेव्हा ते खर्चाचं होतं. खर्चाचं लोक ऐकतात."

मला वाईट वाटलं, पण खरं होतं. मग दीपमाला सिस्टरला बोलावून आम्ही चौघांनी बसून ठरवलं. मंदाबाई म्हणाली, कणीक उशिरा मळायला तिला काही अडचण नाही, उलट पहाटेची झोप मिळेल. सकाळी दीपमाला सिस्टर खाली सांगणार, आज कोण उपाशी, कोण घरी, कोण खाली जाणार. त्याप्रमाणे स्वयंपाक. जो खाटेवर नसेल त्याचं ताट नाव लावून गरम डब्यात राहणार. दहाचा नाश्ता ज्यांना गरजेचा त्यांना रोज, चुकवायचा नाही. आणि साखरेच्या पेशंटला जेवणाआधीची सुई असेल तर ताट समोर आल्याशिवाय द्यायची नाही. हे शेवटचं मी सुचवलं असं मला सांगायचं होतं, पण ते दीपमाला सिस्टरनं सुचवलं.

राहिला प्रश्न मोठ्या डॉक्टरांच्या राउंडचा. डॉक्टर रोनक हाडं उत्तम जोडतात, पण येतात मनाला येईल तेव्हा. त्यांना कोण सांगणार? मी ट्रस्टी असून माझी छाती होत नाही. उद्या माझंच हाड मोडलं तर?

आणि आता तुझा हिशेब. निघताना मंदाबाई मला म्हणाली, "शेठ, त्या उडीवाल्या आबांचं ताट रोज जसंच्या तसं परत येतं. सून डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत आणते, ते खातात." झुलाल! नासाडी बघायला तुला बसवलं आणि सगळ्यात भरलेली बादली तुझीच!

कांती


धुळे
३ फेब्रुवारी

कांतीशेठ,

भरीत थंडीतच होतं, हॉस्पिटल बारमाही असतं. एवढंच माझं म्हणणं. तरी पुनमला सांगितलं, दुपारचा डबा बंद. ती म्हणाली, "आबा, डॉक्टरनी सांगितलं का?" मी म्हटलं, "नाही, ट्रस्टनी."

आता ऐक, तुझा डॉक्टरांचा प्रश्न सुटला.

नवीन पद्धत सुरू झाली तशी दुपारची गाडी ठरल्या वेळी गरम गरम आली. सगळे जेवायला बसले आणि तेवढ्यात डॉक्टर रोनक आपली पलटण घेऊन दारात. सवयीनं सगळ्यांनी ताटं झाकायला घेतली. पुना तर घास तोंडात ठेवून हात जोडून बसला. मला राहवलं नाही.

म्हटलं, "कुणी उठू नका रे. डॉक्टरसाहेब, आमच्याकडे जेवत्या माणसाला उठवत नाहीत. आलेल्या माणसाला बसवतात. तुम्ही बसा."

पलटणीतली पोरं भिंतीकडे बघायला लागली. दीपमाला सिस्टरनं डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, "आबा, मला अजून दोन वॉर्ड आहेत."

"ते वॉर्डही जेवतच असणार. तिथं जाऊन काय करणार?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग खरंच माझ्या खाटेच्या कडेला बसले. मंदाबाई गाडीमागे उभी होती, तिनं न विचारताच एक ताट वाढून त्यांच्या हातात दिलं. माणूस सकाळपासून ऑपरेशनं करून आलेला, भुकेला. दोन घास खाल्ले आणि तोंड वाकडं केलं.

"हे वरण रोज असंच असतं?"

मंदाबाई म्हणाली, "साहेब, तुमच्या राउंडनंतर खाल्लं असतं तर याहून वाईट लागलं असतं."

कांती, मला वाटलं आता संपलं. पण डॉक्टर मोठ्यानं हसले. म्हणाले, "माझ्यामुळं हे लोक गार जेवायचे हे मला कुणी सांगितलंच नाही." मग हर्षिता मॅडमना बोलावून विचारलं, वरणाला जरा चव आणता येईल का. मॅडम म्हणाल्या, ट्रस्टच्या नियमानं कांदा-लसूण नाही, पण मीठ न वाढवता जिरं, हिंग, कोथिंबीर, लिंबू काहीही चालेल. फक्त सकाळी कोथिंबीर निवडायला वेळ मिळत नव्हता, तो आता मिळेल.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर जेवणाआधी येऊन जातात. आणि वरण बरं झालंय. भरितासारखं नाही, पण बरं. मी ताट पुसून खातो, मंदाबाईला विचार.

आज म्हशीवाला जिन्यात येऊन मॅनेजरशी भांडत होता. म्हणे, बादलीत पाणीच जास्त, म्हशी रुसल्या. भागाबाईनं त्याला जिन्यातूनच परत पाठवलं.

पुनाची जखम भरत आलीय. मलाही परवा घरी सोडणार, वॉकर घेऊन. तुझी बैठक कधी?

झुलाल


पिंप्राळा, जळगाव
१३ फेब्रुवारी

प्रिय झुलाल,

काल बैठक झाली. मी भाषण लिहून नेलं होतं, पण चष्मा घरी राहिला. मग बोललोच.

सुगनचंदजी म्हणाले, "कांतीलालजी, बादल्या हलक्या झाल्या ते ठीक. मग ताट अजून कमी करा, अजून हलक्या होतील."

मी म्हटलं, "ते मी करून बघितलंय. एक माणूस जाता जाता राहिला." आणि पुनाभाऊचं सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. मग म्हटलं, "ताटातलं कमी करायचं असेल तर ते हर्षिताबेन ठरवतील, आपण नाही. आपण फक्त बघायचं की ताट कुणाच्या हातात पोचलं."

सुगनचंदजी पक्के माणूस. ते लगेच मानणारे नव्हते. "आणि उद्या परत जैसे थे झालं तर?" त्यांनी विचारलं. तेव्हा मला काय सुचलं देव जाणे. मी म्हणालो, "तर आपल्याला कळेल. दर आठवड्याला आपल्यापैकी एकानं धुळ्याला जाऊन वॉर्डात बसून तेच ताट जेवायचं. पेशंटच्या पंगतीत, मॅनेजरच्या खोलीत नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पण नाही कुणाला म्हणता येईना, कारण नाही म्हटलं की जेवण वाईट आहे हे कबूल केल्यासारखं होतं.

ठराव असा झाला: स्वयंपाकघर वर्षभर चालू राहणार, मग पुन्हा विचार. कायमचं वाचलं असं नाही, पण वर्षभर पुष्कळ होतं. पेशंटबरोबरच्या नातेवाइकांचा फुकट चहा मात्र बंद झाला, तेवढं मला सोडावं लागलं. भागाबाईंना ते आवडणार नाही.

तू कसा आहेस? वॉकर घेऊन शेतात जाऊ नकोस. सज्जनबाईनं तुझ्यासाठी मेथीचे लाडू केलेत, कुंदन कापडण्यापर्यंत आणून देईल. माझ्या बायकोनं तुला पत्रांतूनच जास्त ओळखलंय. म्हणते, "झुलालभाऊ आले की आपण सगळे पाटावर बसू, म्हणजे खुर्चीवरून उडी मारायला नको."

कांती


कापडणे, ता. धुळे
१७ मार्च

कांतीशेठ,

लाडू संपले. पाठवणारीला सांग, पाटावर बसायला गुडघा वाकायला अजून महिना आहे.

आज एक्स-रे दाखवायला गेलो होतो. डॉक्टर रोनक म्हणाले हाड छान जुळतंय, काठी घेऊन चाला. पुनम औषधं आणायला गेली आणि मी वॉर्डात सगळ्यांना भेटायला गेलो. पुना घरी गेलाय, त्याच्या खाटेवर लळिंगकडचा एक जण आलाय. हात मोडलेला, नवाकोरा, कालच भरती झालेला. त्याची बायको घरचा डबा घेऊन शेजारी.

बरोबर जेवणाची वेळ. आणि बघतो तर काय! त्या खाटेशेजारच्या स्टुलावर, मांडीवर ताट घेऊन, पांढरी टोपी, सोन्याची बटणं असे एक शेठ बसलेले. मी दीपमाला सिस्टरला हळूच विचारलं, तर म्हणाली, "ते सुगनचंदजी. त्यांचा आठवडा आहे."

मी काठी टेकवून तिथंच उभा राहिलो. हा तमाशा मी सोडतो होय?

सुगनचंदजी आधी संशयानं वरण ढवळत होते. एक घास. मग दुसरा. मग लिंबू पिळलं. मग इकडेतिकडे बघून मंदाबाईला बोटानंच खूण केली, अजून एक पोळी.

तो हातमोडका त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्याला काही ट्रस्ट-बिस्ट माहीत नाही. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "शेठ, तुम्हाला काय झालं? कुठलं हाड मोडलं?"

सुगनचंदजी घास गिळून म्हणाले, "काही नाही झालं. जेवायला आलोय. जळगावहून."

त्यानं एकदा त्यांच्या बटणांकडे पाहिलं, एकदा आपल्या ताटाकडे. मग धड असलेल्या हातानं बायकोला हलवलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकनं का वं? आठे शेठलोके जेवाले येतस! तू घरना डबा कसाले आणी राहिनी?"

सुगनचंदजींनी पोळी मोडली, आणि भातासाठी ताट पुढे केलं.

तुझा,
झुलाल